पंचविसावी गोधडी

घरगुती उद्योगधंद्यांवर मी आमच्या पत्रात एकवीस अग्रलेख लिहिले आहेत. मी उपसंपादक. संपादकांचे नाव पत्राच्या माथ्यावर असते आणि ते स्वतः बहुधा पुण्यास असतात, त्यामुळे अग्रलेख माझ्याकडे येतात. हे एकवीस अग्रलेख वाचून सोलापुरात किती उद्योग निघाले, याची मी एकदा चौकशी केली. एक निघाला होता. आमच्या बोळाच्या तोंडाशी बसणारा चुरमुरेवाला पुड्या बांधण्यासाठी आमचे पत्र वापरू लागला होता. कागद जाड असतो, असे त्याने मला सांगितले. मजकुराबद्दल तो काही बोलला नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात मोहोळहून एक पत्र आले. लिहिणारे कुंडलिक मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. पेन्शन मिळते, हस्ताक्षर चांगले आहे आणि दुसरा उद्योग नाही. अशा माणसापासून वर्तमानपत्राने सावध राहावे. त्यांनी विचारले होते: "घरोघरी उद्योग काढा असे सांगणाऱ्या अग्रलेखकाने स्वतःच्या घरी कोणता उद्योग काढला आहे, हे कळविण्याची कृपा व्हावी." हे पत्र मला फाडून टाकता आले असते. पण त्या दिवशी तिसऱ्या पानावर अर्धा कॉलम रिकामा होता. आमच्या धंद्यात माणसाचा घात शत्रू करीत नाही, रिकामा कॉलम करतो. पत्र मी छापले आणि खाली टीप जोडली: "अग्रलेखकाच्या घरी तयार झालेल्या पंचवीस गोधड्या येत्या संक्रांतीस गड्ड्याच्या जत्रेत मांडल्या जातील, व जत्रा उठल्यावर त्यांतील एकही परत घरी नेली जाणार नाही."

गोधड्याच का, तर आमच्या घरी त्या होत असत. आमचे कुटुंब, म्हणजे वच्छला, दुपारची कामे उरकली की जुन्या लुगड्यांचे तुकडे घेऊन बसे. तिला कोणी सांगितलेले नव्हते आणि गरजही नव्हती. आवड, एवढेच कारण. शिवून झालेली गोधडी कोणातरी बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला जाई, आणि ती दुसरी घेई. एवढी मेहनत फुकट जाते हे मला खटकत असे. फुकट जाणाऱ्या मेहनतीवर माझा सातवा अग्रलेख आहे.

टीप छापून आल्यावर मी ती वच्छलेला वाचून दाखविली.

"मला विचारलंत?" ती म्हणाली.

"आता छापून झालं."

"मग मला कशाला सांगताय? मी वाचलं असतं की."

"तू आमचं पत्र वाचतेस?"

"नाही."

तिने सुईत दोरा ओवला. "पंचवीस! अहो, माझ्या हातून वर्षाला चार होतात. संक्रांत पाच आठवड्यांवर आली."

मदतीसाठी तिने गोजरबाईला बोलावले. ही वेळापूरकडची, पूर्वी गिरणीत सूत उकलण्याच्या खात्यात होती. ती आणखी तीन बायका घेऊन आली आणि आमची पुढची खोली, जीत मी अग्रलेख लिहीत असे, चिंध्यांनी भरली. मी उंबऱ्यावर बसून लिहू लागलो. त्या आठवड्यातल्या अग्रलेखाचा विषय 'स्वातंत्र्य' होता.

ही बातमी पसरताच सल्लागार जमले. शेजारच्या कल्लप्पाचे कापडाचे दुकान आहे. तो मला एडिटरसाहेब म्हणतो. ही चूक मी बारा वर्षांत दुरुस्त केलेली नाही.

"एडिटरसाहेब, धंदा म्हणजे काय री, लेबल," तो म्हणाला. "माल कसाबी असू दे. लेबल पाहिजे. गिऱ्हाईक लेबल बघून फसतो, आणि माल बघून रडतो. रडेपर्यंत आपण घरी!"

"आम्हाला कोणाला रडवायचं नाही."

"मग धंदा कशाला काढला, शिवशिवा?"

गिरणीच्या चिंध्या वजनावर विकणारा नबीसाब निदान आपला माल जाणत होता. मी त्याच्या ढिगातून भडक लाल तुकडे निवडू लागताच त्याने माझा हात धरला.

"लाल नक्को, साब. रंग कच्चा है."

"पण उठून दिसतो."

"हौ. पानी लगा तो उठके बाजूवाले पे बैठता."

मी हसलो आणि लालच घेतले. तज्ज्ञांचा सल्ला मानावा, असा माझा अकरावा अग्रलेख आहे.

खरा तंटा पहिली गोधडी पुरी होताना झाला. तीन कोपरे बंद झाले होते. चौथा शिवण्यापूर्वी गोजरबाईने कनवटीतून कडक भाकरीचा बोटभर तुकडा काढला आणि कापडाच्या थरांत सरकवला.

"हे काय?" मी विचारले.

"घास," ती म्हणाली. "गोधडी म्हंजी लक्षुमी की, दादा. तिला उपाशी ठिवून कुणाच्या अंगावर घालायची व्हय? जो पांगरंल, त्याच्या घरात अन्न राहत न्हाय."

ही चाल मला ऐकूनही ठाऊक नव्हती. बारा वर्षे माझ्या अंगावर माझ्या नकळत भाकरी होती. मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले की, कापडात भाकरी ठेवली की उंदीर येतात आणि उंदरामागून प्लेग येतो. 'उंदीर आणि आपण' या मथळ्याखाली मी हे सप्रमाण मांडले आहे. चारही बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीत त्या अग्रलेखाचा खप किती असेल हे मला दिसले.

"माझ्या नावावर माल जायचा आहे. घास नाही," मी म्हणालो.

वच्छलेने माझ्याकडे पाहिले नाही. तिने तुकडा काढून गोजरबाईच्या हातावर ठेवला. "साहेबांचं नाव मोठं आहे, बाई. राहू दे उपाशी."

मी कल्लप्पाचा सल्ला आठवून छापखान्यातून लेबले काढून आणली: 'शुद्ध. स्वच्छ. आत भाकरी नाही.' शेवटची ओळ ठळक टाईपात घेतली.

पंचवीस गोधड्या वेळेत झाल्या. बायकांनी बोटांना भोके पाडून घेतली, हे मी मान्य केले पाहिजे. मग मी जागेच्या परवान्यासाठी जत्रेच्या कचेरीत गेलो. तेथील कारकून पान खात होता. तो बोलण्यासाठी पान थुंकत नसे, तर पान संपेपर्यंत बोलत नसे.

"कापड नवं की जुनं?" शेवटी त्याने विचारले.

"वरचा थर नवा, आतला जुना."

"नवं असेल तर कापडाच्या रांगेत. जुनं असेल तर आरोग्यखात्याचा दाखला. कोणतं लिहू?"

"दोन्ही लिहा."

"दोन्ही असा रकाना नाही."

"मग रकाना आखा."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. "साहेब, रकाने वरून आखून येतात."

त्याने 'जुने' लिहिले आणि एक गोधडी नमुना म्हणून दाखल करून घेतली. नमुना परत मिळतो का, हे मी विचारले. मिळतो, असे तो म्हणाला. ती गोधडी अद्याप त्याच्या खुर्चीवर आहे. तो तिच्यावर बसतो.

दाखल्यासाठी आरोग्यखात्याचा शिपाई औषधाच्या पाण्याची पिचकारी घेऊन घरी आला. त्याला काम आवडत असावे. त्याने चोवीस गोधड्यांवर दोन्ही बाजूंनी, शिवाय एकदा माझ्यावर, पाणी मारले आणि दाखला दिला. तासाभरात नबीसाबचे भाकीत खरे ठरले. लाल रंग उठला आणि बाजूवाल्यावर बसला. पांढरे तुकडे गुलाबी झाले, पिवळे शेंदरी झाले, आणि निळ्यांचे जे झाले त्या रंगाला मराठीत नाव नाही. सगळ्या मालाला इस्पितळाचा वास येऊ लागला.

"निदान उंदीर तरी येणार नाहीत," वच्छला म्हणाली.

आता गोधड्या चोवीस उरल्या होत्या आणि मी पंचवीस छापले होते. आकड्याच्या बाबतीत मी काटेकोर आहे. घरात आणखी एकच नवीसारखी गोधडी होती. वच्छलेच्या आईने शिवलेली, दोन इरकली लुगड्यांची, ट्रंकेत घडी घालून ठेवलेली. आई इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, तेव्हापासून ती कोणी पांघरली नव्हती.

"ती विकायची नाही," वच्छला म्हणाली.

"विकत कोण आहे? फक्त मांडायची. पंचवीस मांडू असं छापलंय."

"आणि एकही परत नेणार नाही, असंही छापलंय."

"ते पुढे पाहू."

मी बारा वर्षे प्रुफे तपासतो. दोन वाक्यांतला विरोध मला लगेच दिसतो. त्या दिवशी दिसला नाही, कारण पाहायचा नव्हता.

जत्रेचा पहिला दिवस आम्ही कचेरीने दिलेल्या जागेत, जुन्या लोखंडाच्या आणि मोडक्या कंदिलांच्या शेजारी काढला. दुकानावर वच्छला व गोजरबाई बसल्या. मी जरा दूर, लिंबाखाली, केवळ बातमीदार म्हणून उभा राहिलो. खेड्यांतून आलेल्या बायका थांबत. रंगाकडे त्यांचे लक्षही गेले नाही. प्रत्येक बाई एकच करी: गोधडी उचली, चिमटीत एकामागून एक चारही कोपरे दाबून पाही, आणि खाली ठेवी.

"घास न्हाय हिच्यात," एक म्हणाली.

"बघू," दुसरीने आपल्या मुलाला पुढे केले. पोरगे दुसरीत असावे. त्याने माझे लेबल बोट ठेवून मोठ्याने वाचले: "आ-त भा-क-री ना-ही."

"आगं बया! लिवून ठिवलंय की!" ती ओरडली. "उपाशी हायत म्हून वर लिवून इकत्यात!"

लेबलाचा एवढा परिणाम कल्लप्पाच्या दुकानातही कधी झाला नसेल. अर्ध्या जत्रेत बातमी पसरली. आमच्या पत्राची बातमी एवढ्या वेगाने पसरलेली मी पाहिलेली नाही. गर्दी वाढली, पण ती पाहण्यापुरती. फक्त एकाच गोधडीपाशी बायकांचे हात थांबत. त्या इरकलीचा चौथा कोपरा दाबला की त्यांचे तोंड उजळे. "ही द्या." वच्छला म्हणे, "ती विकायची नाही." मग बायका माझ्याकडे पाहत. मी लिंबाकडे पाही.

संध्याकाळपर्यंत एकही गोधडी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बाजारातून कडक भाकऱ्यांची चवड विकत आणली आणि काही न बोलता दुकानात ठेवली.

"उंदीर?" वच्छलेने विचारले.

"शिव," मी म्हणालो.

कोपरे उसवून घास भरून पुन्हा शिवायचे काम त्या दोघींनी तिथेच सुरू केले. भाकरीचे सारखे तुकडे पाडायचे काम माझ्याकडे आले, कारण मी रिकामा होतो. असा मी मांडी घालून भाकरी मोडीत असताना आमच्या पत्राचे वर्गणीदार असलेले एक वकील सहकुटुंब आले, थांबले, आणि त्यांनी मला नमस्कार न करता आपल्या पत्नीला सांगितले, "हे ते उद्योगधंद्यांवर लिहितात ते." पत्नीने पदर तोंडाला लावला.

विक्री सुरू झाली. पहिल्या तासात सात गेल्या. मग कचेरीतला कारकून फेरीवर आला. त्याने भाकरी पाहिली, लेबल पाहिले, खिशातून माझा परवाना काढला.

"गोधडीत भाकरी घालता?"

"हो."

"भाकरी विकता?"

"गोधडी विकतो. भाकरी तिच्या पोटात असते."

"म्हणजे गिऱ्हाईक घेतं तेव्हा भाकरी घेतं की नाही?"

मी तर्कशास्त्राचा विद्यार्थी. नाही म्हणता येईना.

"मग हा खाद्यपदार्थ," तो म्हणाला. "खाद्यपदार्थाची रांग तिकडे. इथं लोखंडापाशी अन्न ठेवायला मनाई आहे. शिवाय वर 'भाकरी नाही' असं खोटं लिहिलंय, ते पुसा."

अशा रीतीने आमच्या गोधड्यांचे दुकान एका भजीवाल्याच्या आणि एका चिवडेवाल्याच्या मधोमध गेले. लेबलावरचा 'नाही' मी स्वतः पेन्सिलीने सतरा वेळा खोडला. औषधाचा वास तासाभरात गेला, त्याच्या जागी तेलाचा आला. भजी घेणारे लोक हात कशाला पुसत होते, हे मी कळूनही पाहिले नाही. पण गोजरबाईला धंदा समजला होता. "या, बायांनो! पोट भरल्याली लक्षुमी! कोपरा दाबून बगा, मग बोला!" आणि बायका दाबून पाहत, आणि नेत.

शेवटच्या दिवशी दुपारी चोविसावी गेली. फळीवर इरकली तेवढी राहिली.

तेवढ्यात कुंडलिक मास्तर आले. मी त्यांना कधी पाहिले नव्हते, पण छत्री, वही आणि शिलाईच्या दोऱ्याने बांधलेला चष्मा पाहून ओळखले. त्यांनी खिशातून आमच्या पत्राचे कात्रण काढले.

"पंचवीस मांडू असं छापलं होतं तुमी. मोजलं. एक राहिली. ही कवा जाणार?"

त्याच वेळी दुधनीची शरणम्मा तिसऱ्यांदा आली. थोराड, कपाळभर विभूती. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांत आधी या गोधडीचा कोपरा दाबला होता.

"मुलगी बाळंतपणाला आली आहे री," ती मला म्हणाली. "पहिलं बाळ गेलं. हे तरी नीट उबेत राहू दे. ह्याच्यात घास आहे, जुना घास. तुम्ही म्हणाल ते देते. ना म्हणू नका, अप्पा."

तिने गोधडी उचलून उराशी धरली. मास्तरांनी वही उघडली. माझ्यासमोर चोख हिशेब होता: शब्द पाळला जात होता, बाळाला ऊब मिळत होती, मोहोळला उत्तर मिळत होते. मी 'न्या' म्हणणार तोच पाहिले की वच्छलेने गोधडीचा चौथा कोपरा मुठीत धरला आहे. ती ओढत नव्हती. नुसता धरला होता.

"वच्छला," मी हलकेच म्हणालो, "हिला खरी गरज आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"ह्यात आईच्या हातची भाकरी आहे," ती म्हणाली. "तिच्या हातचं घरात दुसरं काही नाही."

भज्यांची कढई तडतडत होती. दहा वर्षे ती ट्रंक माझ्या खाटेखाली होती, आणि त्या दहा वर्षांत मी स्त्रियांच्या मनोविश्वावर तीन अग्रलेख लिहिले.

शरणम्माने आधी जाणले. तिने गोधडी उलगडून वच्छलेच्या मांडीवर ठेवली आणि कोपऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. "आईची भाकरी विकत घेत नाहीत, अक्का."

"मुलीचे दिवस कधी भरतात?" वच्छलेने विचारले.

"महाशिवरात्रीला."

"त्याच्या आत शिवून देते. घास तुमच्या घरच्या भाकरीचा आणा. लेकीला आईचाच लागतो."

शरणम्मा गेल्यावर कुंडलिक मास्तरांनी घसा खाकरला. "मंजी ही घरी जाणार?"

"घरी जाणार."

"एकही नेणार नाही, असं छापलं होतं. माझ्यापाशी कात्रण हाय."

"तुमच्यापाशी असणारच."

"मग आता हे छापा की."

"छापतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात मजकूर दिला. आमचा खिळे जुळवणारा मायाप्पा बारा वर्षे माझ्याबरोबर आहे, आणि या बारा वर्षांत आम्ही जेवढ्या चूकदुरुस्त्या छापल्या त्या सगळ्या 'जुळाऱ्याच्या नजरचुकीने' या शब्दांनी सुरू होतात. त्याने कागद वाचला, उलटा करून पाठ पाहिली, पुन्हा वाचला.

"साहेब, 'जुळाऱ्याच्या नजरचुकीने' राहिलं वाटतं."

"राहिलं नाही."

"मग चूक कुणाची?"

"खाली लिहिलंय."

खिळ्यांना हात लावण्यापूर्वी त्याने तो कागद छापखान्यातल्या दोघांना नेऊन दाखविला. मजकूर असा होता: "चूकदुरुस्ती. पंचवीस गोधड्यांपैकी एकही परत घरी नेणार नाही, असे आम्ही छापले होते. एक नेली. ती विकण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. चूक लेखकाची आहे."

मोहोळहून पत्र आले. मास्तरांनी 'अधिकार' या शब्दाबद्दल खुलासा मागितला होता. त्या आठवड्यात एकही कॉलम रिकामा नव्हता.

धंदा तेवढ्यावर संपला. कल्लप्पाने पुढच्या वर्षी पन्नास कराव्यात असे सुचविले, आणि वच्छलेने त्याच्याकडे असे पाहिले की तो दुकान उघडायला गेला. शरणम्माची गोधडी महाशिवरात्रीच्या आधी गेली. नात झाली आणि ती चांगली रडते, असे दुधनीहून कळले. त्यानंतर वच्छलेने एक गोधडी माझ्यासाठी शिवली, न सांगता. मी पहिल्यांदा पांघरून चौथा कोपरा दाबला, तो आत काहीतरी कुरकुरले.

"भाकरीसारखं लागत नाही," मी म्हणालो.

"भाकरी आहेच. बरोबर तुमच्या त्या चूकदुरुस्तीचं कात्रणही घातलंय. आयुष्यात एकच वाचलं, म्हटलं ठेवावं."

मी अग्रलेखकाच्या गांभीर्याने मान हलविली आणि भिंतीकडे तोंड केले.

उन्हाळ्यात गोधड्या वाळत घालताना माझ्या गोधडीचा चौथा कोपरा कुरतडलेला निघाला. 'उंदीर आणि आपण' हा अग्रलेख अक्षरशः खरा ठरला होता, आणि ते जिला सांगावे अशी जगात एकही व्यक्ती नव्हती. वच्छलेने बोट घालून पाहिले. भाकरी साफ गेली होती. चूकदुरुस्ती जशीच्या तशी होती. तिला दातही लागलेला नव्हता.

तिने भाकरीचा नवा तुकडा घेतला आणि सुईत दोरा ओवला.

"कागद काढून टाक," मी म्हणालो.

"राहू द्या," ती म्हणाली. "तो काही खात नाही."